आरोपीला दुभाषी मिळतो, आजाऱ्याला का नाही?

(तालुक्याच्या ग्रामसभा मेळाव्यात वनहक्काचे दावे भरणाऱ्या पोरापोरींच्या गटाने केलेलं भाषण. भाषण माडियात झालं. ज्या गावांना माडिया येत नाही त्यांच्यासाठी मराठीत उतरवून देत आहोत. जागा कमी म्हणून थोडं कापलं आहे.)

जोहार.

गायता, पेर्मा, सगळ्या आज्या-आजोबांना जोहार. रात्री नाला ओलांडून पायी आले त्या साथींना जास्तीचा जोहार.

आम्हाला आज दाव्यांचा हिशोब द्यायला उभं केलं होतं. किती दावे उपविभागात गेले, किती परत आले, मोजणी कुठे अडली. तो हिशोब कागदावर लिहून प्रत्येक गावाच्या अध्यक्षाकडे दिला आहे, तो गावात वाचून घ्या. आम्हाला दुसरं बोलायचं आहे. सकाळी एका काकांनी विचारलं, "पट्ट्याची लढाई अर्धी पडली हाये, अन तुमी पोरं दवाखान्याचं कायले काढता?" काकांचा प्रश्न बरोबर आहे. त्यालाच उत्तर देतो.

2008 पासून आपण दावे भरतो आहोत. जबरानजोतीचा पुरावा म्हणून काय काय लागतं ते तुम्हाला आता पाठ झालं आहे. दंडाच्या पावत्या, जुने नकाशे, मसणवट, देवाची जागा. आणि त्या नियमांमध्ये तेरावा नियम आहे, त्यात असं आहे की गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं तर तेही पुरावा. म्हणजे आपला म्हातारा माडियात म्हणाला, "हे पोरगं माझ्या पाठीवर होतं तेव्हा मी हा बांध घातला," तर ते आम्ही लिहून घेतो, आणि समितीला ते बघावं लागतं. ज्या माणसाचं बोलणं शंभर वर्षं कुणी कागदावर घेतलं नाही, त्याचं बोलणं कायद्याने पुरावा झालं. यासाठी आपण किती मोर्चे काढले.

आता तोच म्हातारा दवाखान्यात नेऊन बघा. छातीत कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, ते तो तितकंच नीट सांगतो. पण तिथे त्याच्या बोलण्याला कागदावर जागा नाही. डॉक्टर त्याच्याकडे बघत नाही, सोबत कोण आहे ते बघतो. सोबतच्याला मराठी येत असेल तर सोबतचा जे बोलेल तो म्हाताऱ्याचा आजार. काका, म्हणून आम्ही हे काढलं.

मागच्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, दवाखान्याचंही नाही, घरच्यांनी तसं सांगितलं आहे. अडीच वर्षांचं लेकरू. ताप, मग झटके. बाप आणि आजी खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणतात, तिथून गाडीने दवाखान्यात. डॉक्टर लेकराला बघतात, सुई देतात, चिठ्ठी लिहितात आणि म्हणतात, "याला घेऊन जा. लवकर घेऊन जा." डॉक्टरांना म्हणायचं होतं की पुढच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, इथे होणार नाही. बापाने काय ऐकलं? त्याला मराठीतले तेवढे दोन शब्द येत होते. घेऊन जा. आपल्याकडे आजाऱ्याला घेऊन जा असं केव्हा म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. आता काही उरलं नाही, घरी न्या, आपल्या माणसांत राहू द्या, तेव्हा म्हणतात. त्यांनी लेकराला घरी नेलं. चिठ्ठी आजीच्या पदरात बांधलेली होती. लेकरू दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. महिन्याभराने आम्ही त्यांच्या दाव्याचे कागद बघायला गेलो, तर कागदांमध्ये ती चिठ्ठी निघाली. आम्ही वाचून दाखवली. बाप काही बोलला नाही. आजी म्हणाली, "पुन्हा वाच."

डॉक्टर वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. त्याने चिठ्ठी बरोबर लिहिली होती, सुईसुद्धा बरोबर दिली असेल. बापानेही हयगय केली नाही, चिखलातून खाट आणली. दोघांनी आपापलं काम केलं आणि मधल्या जागेत लेकरू गेलं. पण "आदिवासी आजारी माणसाला अर्ध्यातून घरी नेतात, त्यांना समज नाही" असं दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही कितीदा ऐकलं आहे. त्या दिवशीही कुणीतरी म्हटलं असेल.

आता काही जण म्हणतील, पोरं शाळा शिकतील, मराठी येईल, मग हे संपेल. आम्ही बारावी शिकलो. आम्हाला मराठी येते, आता इथे लिहून पण काढणार आहोत. तरी दवाखान्याची मराठी आम्हाला समजत नाही, कारण ती मराठी गडचिरोलीच्या बाजारातल्या माणसालाही समजत नाही. तीन शब्द सांगतो.

पहिला शब्द थुंकी. टीबीच्या खोलीवर पाटी असते, थुंकी तपासणी. डबी हातात देतात आणि सांगतात थुंकी आणा. आपला माणूस काय करणार? तोंडातली लाळ थुंकून देतो. तपासायला लागतो तो बेडका, सकाळी उठल्यावर खोल खोकून छातीतून काढलेला. लाळेत टीबीचे जंतू सापडायचे नाहीत. मग कागदावर येतं की टीबी नाही. माणूस घरी जातो, खोकत राहतो, नातवंडांना जवळ घेऊन झोपतो. ही चूक माडियाची नाही, पाटीची आहे. पाटीवर बेडका लिहिलं असतं तर मराठीवाल्याचंही भलं झालं असतं.

दुसरा शब्द निगेटिव्ह. आमच्यातल्याच एकीच्या काकाने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं, नर्सबाईंनी सांगितलं निगेटिव्ह आला. म्हणजे चांगलं झालं, गोळ्या लागू पडल्या. पण गोळ्या पूर्ण मुदतीच्या खायच्याच असतात, साध्या टीबीला सहा महिने. काकाला कुणीतरी समजावलं की निगेटिव्ह म्हणजे नाही. नाही म्हणजे काय नाही? आजार नाही, का औषधाचा गुण नाही? त्याने दोन्ही धरलं आणि गोळ्या सोडल्या. पुढची गोष्ट लांब आहे. तो आता बरा आहे, पण वर्ष गेलं आणि बैल गेले.

तिसरा शब्द वाहक. सिकलसेलची तपासणी आश्रमशाळेत होते. पोरांना कागद मिळतो, त्यावर वाहक लिहिलेलं असतं. एसटीत कंडक्टरच्या जागी वाहक लिहिलेलं असतं, तेवढाच वाहक आपल्याला माहीत. एका पोराने घरी सांगितलं की मला कंडक्टरची नोकरी लागणार. हसा, आम्हीपण हसलो. पण त्या पोराला हे कुणी सांगितलंच नाही की तू स्वतः आजारी नाहीस, पण लग्नाच्या वेळी पोरीचाही कागद बघायला लागेल, कारण दोघं वाहक असतील तर दर बाळंतपणाला चारात एक असा धोका असतो की लेकराला पुरा आजार होईल. एवढी मोठी गोष्ट त्या एका शब्दात बांधून दिली आणि गाठ सोडून दाखवली नाही.

हे झालं त्यांच्या बोलण्याचं. आता आपल्या बोलण्याचं, कारण आपल्याकडेही एक सवय आहे. हो म्हणायची.

गार्ड आला, विचारलं, झाड तू तोडलं का? हो. ठाण्यात विचारलं, रात्री कोण आलं होतं, जेवण दिलं का? समजलं नाही तरी हो. साहेबासमोर 'हिल्ले' म्हणायला आपली जीभ वळत नाही, कारण नाही म्हटल्यावर काय होतं ते आपल्या बापांनी बघितलं आहे. तीच जीभ घेऊन आपण डॉक्टरपुढे बसतो. ताप आहे का? हो. जुलाब आहे का? हो. पोटात दुखतं? हो. लघवीला जळजळ? हो. डॉक्टरला वाटतं या बाईला सगळंच आहे, नाहीतर काहीच नाही. मग पांढऱ्या गोळ्या, लाल गोळ्या, आणि पुढचा नंबर. म्हणून नवीन येणाऱ्या डॉक्टरांना आम्ही आधी हेच सांगतो की ज्याचं उत्तर हो येईल असा प्रश्न विचारू नका. कुठे दुखतं ते हाताने दाखवायला सांगा. रात्री कितीदा उठलास ते विचारा.

कधीपासून, हा प्रश्नही असाच. तारीख विचारली तर आपण गप्प बसतो. आपल्याकडे दिवस बाजाराने मोजतात, तेंदूच्या फळीने मोजतात, मोह पडायला लागला की मोजतात. गरोदर बाईला नर्सबाई विचारतात, शेवटची पाळी कोणत्या तारखेला? ती गप्प. मग कागदावर अंदाजाने काहीतरी पडतं, आणि त्या अंदाजावरून बाळंतपणाची तारीख निघते. ती तारीख चुकली की बाई घाटावरच अडकते, पर्लकोटेला पूर असतो आणि गाडी पलीकडे. खरं बघा, आपल्या बाईला तो दिवस जितका पक्का माहीत असतो तितका कुणालाच नसतो. ती कुर्माघरात बसली होती! सगळ्या गावाला माहीत असतं. कुर्मा असावा का नसावा यावर आमच्या गटात भांडण आहे, पोरींचं म्हणणं वेगळं आहे आणि ते त्या पुढच्या अंकात लिहिणार आहेत. पण जोवर आहे तोवर नर्सबाईंनी एवढंच विचारावं, कुर्मात शेवटी कधी बसलीस, कोणत्या बाजाराच्या आधी? पक्की तारीख निघते. आम्ही चार गावांत विचारून बघितलं.

आता मधे बोलायला कोण उभं राहतं ते बघू. बहुतेक वेळा आश्रमशाळेतलं पोरगं. दहा-बारा वर्षांचं. आईला अंगावरून पांढरं जातं, ते ती पोराला कसं सांगेल? ती सांगते डोकं दुखतं. डोक्याची गोळी मिळते. नवरा सोबत असेल तर नवराच बोलतो, बाईला विचारतही नाही. नाहीतर दवाखान्यातला शिपाई. त्याचं भलं होवो, तो आपलं काम सोडून येतो, पण म्हातारी पाव तास बोलते आणि शिपाई डॉक्टरला सांगतो, "साहेब, कमजोरी म्हणते." पाव तासाची कमजोरी झाली.

आणि आजार मोठा असला की पायऱ्या वाढतात. गावात माडिया. तालुक्याला मराठी. सिरोंच्याकडच्यांना तेलुगू, कोरचीकडच्यांना छत्तीसगडी. चंद्रपूरला मराठी-हिंदी, नागपूरला डॉक्टर-डॉक्टर आपसात इंग्रजी. प्रत्येक पायरीला थोडं थोडं सांडत जातं, जशी डोक्यावरची घागर चढणीला सांडते. नागपूरला पोचेपर्यंत तळाला राहतं ते आजाऱ्याचं नाव आणि गाव, आणि नावही बरेचदा चुकलेलं. 2001 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 27 लाखांहून जास्त निघाले. 27 लाख माणसांची भाषा आठव्या अनुसूचीत नाही, आणि कुठल्या दवाखान्याच्या पाटीवरही आम्ही बघितली नाही.

आता अंगठ्याचं सांगतो. याला आपण सगळ्यात जास्त ओळखतो. पंचनाम्यावर अंगठा, कोऱ्या कागदावर अंगठा, गार्डच्या वहीत अंगठा. त्या अंगठ्यांनी आपल्या बापांच्या जमिनी गेल्या. ऑपरेशनच्या कागदावरही अंगठा असतो. एका बहिणीने आम्हाला सांगितलं, बाळंतपणात पोट कापायचं म्हणून अंगठा घेतला, कागदात आणखी काय होतं ते कुणी सांगितलं नाही. दुसरं मूल होईना तेव्हा गावातल्या रजिस्टरमधून तिला कळलं की नसबंदीही झाली आहे. एक लेकरू होतं तिला. ती इथे बसली आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

आपल्या वकीलदादांना आम्ही विचारलं, यावर कायदा काय आहे? त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, सुप्रीम कोर्टाने 2008 साली एका बाईच्या प्रकरणात सांगितलं आहे की ऑपरेशनची संमती घेण्याआधी डॉक्टरने पुरेशी माहिती द्यायला पाहिजे, आणि एका ऑपरेशनची संमती घेऊन दुसरं ऑपरेशन करता येत नाही, जीव वाचवायची घाई असेल ते सोडून. न समजणाऱ्या भाषेतली माहिती ही माहितीच नाही, हे आम्ही आमच्या अकलेने जोडतो.

दुसरी गोष्ट ऐकून आम्ही बराच वेळ गप्प होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 279, जे 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 314 आहे. कोर्टात साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर कोर्टात समजावून सांगायची. म्हणजे आपल्या माणसाला जंगल तोडलं म्हणून पकडून नेलं तर त्याला त्याच्या भाषेत समजून घ्यायचा हक्क आहे. तो हक्क खरोखर किती मिळतो ते सोडा, पण पुस्तकात लिहिलेला आहे. आणि तोच माणूस ताप घेऊन स्वतःच्या पायाने दवाखान्यात गेला तर असा हक्क त्याला कुणी पान उघडून दाखवत नाही. आजारी पडण्यापेक्षा आरोपी झालेलं बरं, असं झालं हे.

होत नाही असंही नाही. 1973 साली बाबा आमटेंनी हेमलकसाला काम सुरू केलं. डॉक्टर प्रकाशभाऊ आणि मंदाताई तिथे राहिले, आपले लोक सुरुवातीला जवळ येत नव्हते, तर ते माडिया शिकले. डॉक्टर शिकले! आपल्याला मराठी शिकायला सांगितलं नाही. धानोऱ्याच्या रस्त्यावर शोधग्रामला डॉक्टर अभय बंग आणि राणीताईंनी न्यूमोनिया ओळखायला सुईणींसाठी एक साधन केलं. सुईणींना फार पुढपर्यंत मोजता येत नव्हतं, आणि लेकराचे श्वास तर मिनिटाला पन्नास-साठ. मग वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर लेकराला औषध लागतं. मोजणी सुईणीच्या बोटाला बसवली, सुईणीला शाळेत घातलं नाही. आम्हाला हे फार आवडलं.

पण ही त्या माणसांची भलाई झाली. भल्या माणसाची वाट किती बघायची? सरकारी दवाखाना आपल्या हक्काचा आहे, आणि तिथे दर दोन-तीन वर्षांनी डॉक्टर बदलतो. जरा ओळख झाली, चार शब्द शिकला, की बदली.

अधिकाऱ्यांना आम्ही निवेदन दिलं तेव्हा ते म्हणाले, कर्मचाऱ्यांवर भाषेची सक्ती करता येत नाही. का येत नाही? ज्याला मराठी येत नाही अशा सरकारी नोकराला मराठीची परीक्षा द्यावी लागते. इथे काम करणाऱ्याला एकस्तर वरचा पगार मिळतो, तो मिळावा, आम्हाला पोटदुखी नाही, इथे राहणं सोपं नाही. पण एक स्तर वरच्या पगाराला पन्नास शब्द तरी माडियाचे असावेत. मग ते म्हणाले, आशा आहे ना गावात. आशाताई आहेत, आणि त्याच खरं ओझं ओढतात. पण त्यांच्या मानधनातला काही भाग कामागणिक मिळतो, आणि आजाऱ्याचं बोलणं समजावून सांगायला दिवसभर बसणं त्या कामांत धरलेलं नाही. आपल्याच बहिणीला फुकट राबवून सरकारची भाषा सुधारणार असेल तर तो तोडगा आम्हाला नको.

मधेच एक गोष्ट. पुजाऱ्याकडे लोक आधी का जातात म्हणून आपल्याला नेहमी बोलणं खावं लागतं. डोक्यात चढणारा मलेरिया पुजाऱ्याने उतरत नाही, त्याला रक्त तपासून औषधच लागतं, वेळ गेला की माणूस जातो, हे आम्ही इथे पुजारी बसले आहेत त्यांच्यासमोर बोलतो आहोत. त्यांनाही ते माहीत आहे, दोघे-तिघे पुजारी आता स्वतः आजाऱ्याला दवाखान्यात पाठवतात. पण पुजारी काय करतो ते डॉक्टरांनी एकदा येऊन बघावं. तो बसवतो. घरात कोण कोण आहे ते विचारतो. आजाऱ्याला पूर्ण बोलू देतो, रात्र गेली तरी. आपल्या भाषेत.

तर आमची मागणी अशी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक बाई आणि एक माणूस, त्याच भागातल्या गावांतले, दुभाषी म्हणून पगारावर. रात्रीसुद्धा, कारण बाळंतपण रात्री येतं. बाईसाठी बाईच. रेफर केलेल्या आजाऱ्यासोबत एक जण जिल्ह्यापर्यंत जाईल, आणि नुसतं घेऊन जा असं कुणी म्हणणार नाही, कुठे, कशाने, कशासाठी, हे आजाऱ्याच्या भाषेत सांगितल्याशिवाय गाडी सुटणार नाही. अंगठा घेण्याआधी कागद माडियात सांगायचा आणि आजाऱ्याने तो आपल्या शब्दांत उलट सांगायचा. उलट सांगता आला नाही तर अंगठा नाही.

हे मागायचं कशाच्या जोरावर? 1996 च्या पेसा कायद्यात कलम 4 आहे, त्यात सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला द्यायला सांगितलं आहे. दवाखाना त्यात येतो. जंगलासाठी आपण ग्रामसभेचे ठराव केले तसे यासाठी करायचे. ठरावाचा नमुना आम्ही काढून आणला आहे, जाताना घेऊन जा. शाई जरा फिकी आहे, स्टेन्सिल जुनी झाली.

ठराव पास होईपर्यंत काय करायचं तेही ठरवलं आहे. आमच्या गटातले सात जण आठवडी बाजाराच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसतील, त्यात तीन पोरी आहेत. पैसे घेणार नाहीत. डॉक्टरबाईंना आम्ही भेटलो, त्या हो म्हणाल्या, एक खुर्ची देते म्हणाल्या. आम्ही दोन मागितल्या आहेत.

तुमच्याकडून एकच पाहिजे. प्रत्येक गावाने आपल्याकडे दुखण्याला जे जे शब्द आहेत ते जमवून द्या. जळणं, टोचणं, ओढणं, फिरणं, लेकरू दूध न पिता नुसतं बघत राहतं त्याला काय म्हणतात, ते सगळं. एकाच दुखण्याला दोन टोल्यांत दोन शब्द असतील तर दोन्ही द्या, भांडू नका. बायांचे शब्द बायांनी गोळा करायचे आणि पोरींकडेच द्यायचे, ते माणसांच्या वहीत जाणार नाहीत. डॉक्टरबाई समोरच्या रकान्यात मराठी लिहून देणार आहेत. मोह पडायच्या आधी वही पुरी झाली तर बरं, मग कुणी घरी सापडत नाही.

जोहार.